जीआरई व्हर्बलची तयारी: शब्द पाठ करायच्या आधी वाक्य वाचायला शिका

जीआरई, म्हणजे मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची ठरली की बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात, तर कुठून तरी हजार-दोन हजार शब्दांची यादी मिळवतात आणि ए पासून घोकायला बसतात. मीपण तेच केलं होतं. दोन महिने रोज रात्री शब्द, अर्थ अगदी तोंडपाठ, आणि मग सराव परीक्षा दिली तर स्कोअर होता तिथेच. तेव्हा मात्र शांतपणे बसून चुकलेला एकेक प्रश्न पुन्हा उघडला आणि प्रत्येकासमोर वहीत लिहिलं की हा नेमका का चुकला. निम्म्याहून जास्त प्रश्नांत मला न येणारा एकही शब्द नव्हता. शब्द येत होते, वाक्यच नीट वाचलं नव्हतं. त्या वहीने माझी पुढची सगळी तयारी बदलून टाकली, आणि जे आत्ता सुरुवात करतायत त्यांनी ते दोन महिने वाया घालवू नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी परीक्षा कशी असते ते बघा

22 सप्टेंबर 2023 पासून जीआरई छोटी झाली, पूर्ण पेपर आता 1 तास 58 मिनिटांचा असतो. सुरुवातीला निबंध, 30 मिनिटं. मग व्हर्बलचे (म्हणजे इंग्रजी शब्द आणि वाचनाचे) दोन सेक्शन आणि गणिताचे दोन, यांचा क्रम कसाही येऊ शकतो. व्हर्बलच्या पहिल्या सेक्शनमध्ये 12 प्रश्न आणि 18 मिनिटं, दुसऱ्यात 15 प्रश्न आणि 23 मिनिटं, म्हणजे एकूण 27 प्रश्न 41 मिनिटांत. स्कोअर 130 ते 170 मध्ये, एकेक गुणाच्या टप्प्याने. जुन्या मटेरियलमध्ये 20-20 प्रश्नांचे सेक्शन दिसतील, तो जुना पॅटर्न, त्यावरून वेळेचा हिशोब करू नका. आणि कुठे अँटॉनिम (विरुद्धार्थी शब्द) किंवा अ‍ॅनालॉजीचे (शब्दांमधलं नातं ओळखायचे) प्रश्न दिसले तर ते मटेरियल बाजूला ठेवून द्या, ते प्रकार 2011 सालीच गेले.

प्रश्नांचे प्रकार तीन. टेक्स्ट कम्प्लीशन म्हणजे गाळलेल्या जागा भरा, सेंटेन्स इक्विव्हॅलन्स म्हणजे एकाच जागेसाठी दोन शब्द निवडा, आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन म्हणजे उतारा वाचून उत्तरं. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात, हे लक्षात ठेवा, कारण फक्त शब्द घोकणारा माणूस अर्ध्या पेपरची तयारीच करत नसतो.

अजून एक, दुसरा सेक्शन किती कठीण येणार हे तुम्ही पहिला कसा सोडवला त्यावर ठरतं. पण परीक्षेत बसून "हा सोपा आला म्हणजे माझा पहिला बिघडला का" असले अंदाज बांधत बसू नका, समोरचा प्रश्न सोडवा. (जीमॅट, म्हणजे मॅनेजमेंटच्या प्रवेशाची परीक्षा देणाऱ्यांसाठी, तिथे व्हर्बलचे 23 प्रश्न आणि 45 मिनिटं असतात, गाळलेल्या जागा नसतात, उतारे आणि युक्तिवादाचे प्रश्न असतात. खालचं उताऱ्यांबद्दलचं तेवढं तुमच्या कामाचं.)

पहिली पायरी: काहीही न वाचता एक टेस्ट द्या

परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या वेबसाइटवर पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव परीक्षा फुकट मिळतात. त्यातली एक अगदी सुरुवातीला द्या, टायमर लावून, मध्ये न उठता. स्कोअर कमी आला तर येऊ दे, आपल्याला फक्त कुठून सुरुवात आहे ते कळायला हवं. दुसरी अजिबात उघडू नका, ती परीक्षेच्या साधारण दोन आठवडे आधीसाठी राखून ठेवा. प्रश्न एकदा बघितले की ती टेस्ट वाया गेली, दुसऱ्यांदा देऊन आलेला स्कोअर खरा नसतो.

मग ज्या कोर्सला अर्ज करणार त्यांच्या पानावर जाऊन बघा की ते जीआरई मागतात का आणि व्हर्बलला किती महत्त्व देतात. इंजिनिअरिंगवाल्याला आणि इतिहासवाल्याला एकच टार्गेट ठेवायची गरज नसते. तुमचा आजचा स्कोअर आणि हवा असलेला स्कोअर यात फार अंतर नसेल तर सहा-आठ आठवडे पुरतात, जास्त असेल तर तीन-चार महिने हाताशी ठेवा, रोजचा तास-दीड तास पण न चुकता.

दुसरी पायरी: ऑप्शन झाकून वाक्य वाचा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि इथे घाई करू नका. गाळलेल्या जागेच्या प्रश्नात उत्तराचा पुरावा वाक्यातच दिलेला असतो. वाक्य वाचायचं, हाताने ऑप्शन झाकायचे (खरंच झाकायचे, मनातल्या मनात नाही), आणि रिकाम्या जागेत काय यायला हवं ते आपल्या शब्दात बोलायचं. मराठीत बोललात तरी चालेल. मग ऑप्शन उघडायचे.

एक उदाहरण घेऊ. वाक्य मराठीत लिहितोय, ऑप्शन परीक्षेत येतात तसे:

"या नाटककाराला त्याच्या काळात कुणी विचारलंच नाही असं म्हटलं जातं, पण त्या वर्षांतली वर्तमानपत्रं चाळली तर त्याच्या नाटकांवरचे लेख ____ असल्याचं दिसतं."

ऑप्शन: स्पोरॅडिक, यूबिक्विटस, स्कॅथिंग, अ‍ॅनॉनिमस, टेपिड.

ऑप्शन न झाकता वाचलं तर डोळा स्कॅथिंगवर जातो, कारण समीक्षक म्हटलं की झोडपणारच असं आपल्या डोक्यात आधीच असतं. पण वाक्य काय म्हणतंय? "कुणी विचारलंच नाही", मग "पण". म्हणजे पुढे उलटं यायला हवं, लोकांनी दखल घेतली होती, जिकडेतिकडे लेख होते. माझा शब्द झाला "जागोजागी". आता ऑप्शन बघा, जागोजागी म्हणजे यूबिक्विटस. स्पोरॅडिक म्हणजे अधूनमधून, त्याने "पण"ला काही अर्थच उरत नाही. लेख चांगले होते की वाईट याबद्दल वाक्यात एक अक्षर नाही, म्हणून स्कॅथिंग आणि टेपिड दोन्ही बाद, आणि लिहिणाऱ्याचं नाव होतं की नाही याचा तर विषयच नाही.

याला मी पुराव्याचं बोट म्हणतो. उत्तर निवडलं की वाक्यातल्या कुठल्या शब्दामुळे निवडलं त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवता येत नसेल तर उत्तर बरोबर आलं तरी ते नशिबाने आलं असं धरा आणि वहीत लिहा.

बोट बहुतेक वेळा दिशा दाखवणाऱ्या शब्दांवर पडतं. बट, ऑल्दो, डिस्पाइट, हाउएव्हर, फार फ्रॉम हे उलटं वळवतात. बिकॉज, इन्डीड, दस, मोरओव्हर हे त्याच दिशेला नेतात. कोलन आणि सेमिकोलनसुद्धा बघा, कोलननंतर बहुतेक वेळा आधीच्या गोष्टीचं स्पष्टीकरण असतं, म्हणजे उत्तर जवळजवळ हातात दिलेलं असतं. नॉट, हार्डली, सेल्डम असे नकार दोन-दोन आले तर थांबून सरळ वाक्य करून घ्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे आपल्याला वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय असते, पण इंग्रजीत कर्ता आधी येतो आणि त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये दोन-दोन ओळींचं काहीतरी घुसवलेलं असतं, तिथे आपण हरवतो. लांब वाक्य दिसलं की कोण आणि काय करतंय एवढं आधी शोधा, स्वल्पविरामांमधला मजकूर दुसऱ्या वाचनात.

दोन किंवा तीन जागा असतील तर पहिलीपासूनच सुरू करायचं असा काही नियम नाही. ज्या जागेचा पुरावा सगळ्यात स्पष्ट आहे ती आधी भरा, मग ती बाकीच्यांना पुरावा देते. सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण, अर्धे गुण नाहीत, म्हणून शेवटी पूर्ण वाक्य भरलेल्या शब्दांसकट एकदा वाचा.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समधला सापळा

इथे सहा ऑप्शन असतात, दोन निवडायचे, दोन्ही बरोबर तरच गुण. नवीन माणूस काय करतो की वाक्य सोडून आधी समानार्थी जोडी शोधतो. परीक्षा काढणाऱ्यांना हे माहिती असतं, म्हणून एखादी छान जोडी अशी ठेवलेली असते की जी वाक्यात बसतच नाही.

"आपल्या निष्कर्षांबद्दल बोलताना ती नेहमी ____ असायची, डेटा पुरेसा आहे हे पटल्याशिवाय ठाम विधान करायचीच नाही."

ऑप्शन: सर्कमस्पेक्ट, गशिंग, गार्डेड, कँडिड, एफ्यूसिव्ह, इंडिफरंट.

गशिंग आणि एफ्यूसिव्ह ही जोडी आहे, दोन्हींचा अर्थ भरभरून बोलणारी, पण स्वल्पविरामानंतरचं वाक्य बरोबर उलटं सांगतंय. कँडिड ऐकायला बरं वाटतं, शास्त्रज्ञ प्रामाणिक असतातच ना, पण त्याला जोडीदार नाही आणि वाक्यात प्रामाणिकपणाचा पुरावाही नाही. पुरावा आहे सावधपणाचा, म्हणून सर्कमस्पेक्ट आणि गार्डेड. आधी स्वतःचा शब्द, मग जोडी, मग दोन्ही शब्द घालून वाक्याचा अर्थ एकच राहतो का ते बघा, याच क्रमाने.

तिसरी पायरी: शब्द, पण छटेसकट

आता शब्दांकडे. शब्द लागतातच, मी त्यांना कमी लेखत नाहीये, पण यादीच्या क्रमाने नको, गटाने करा. कमी बोलण्याचा एक गट: टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक, टर्स, सक्सिंक्ट. जास्त बोलण्याचा दुसरा: गॅरुलस, लोक्वेशस, व्हर्बोस. मग गटातल्या गटात फरक लिहा. टॅसिटर्न हा स्वभाव झाला, अबोल माणूस. रेटिसंट म्हणजे मनातलं सांगायला जरा हात आखडता घेणारा. सक्सिंक्ट हे कौतुक आहे, थोडक्यात आणि नेमकं. टर्समध्ये थोडा तुटकपणा येऊ शकतो. परीक्षेत हाच फरक विचारतात.

आणि इथे आपल्याला मराठीचा जबरदस्त फायदा होतो, जो मला फार उशिरा कळला. छटा असलेला शब्द मराठीत बहुतेक वेळा तयार असतो. फ्रूगल म्हणजे काटकसरी आणि पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू, इंग्रजी व्याख्या वाचून दोन्ही "कमी खर्च करणारा" असेच वाटतात, पण काटकसरी ही स्तुती आणि चिक्कू ही निंदा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच प्रॉडिगल म्हणजे उधळ्या, ऑब्सीक्वियस म्हणजे हांजी हांजी करणारा, कँटँकरस म्हणजे तिरसट, फास्टिडियस म्हणजे चोखंदळ, मर्क्यूरियल म्हणजे लहरी, इक्विव्होकेट म्हणजे गुळमुळीत बोलणं. कार्डाच्या मागे लांबलचक व्याख्येऐवजी असा एक शब्द आणि खाली एक इंग्रजी वाक्य लिहा. नेमका मराठी शब्द सापडत नसेल तर ओढूनताणून लावू नका, तिथे फक्त वाक्य लिहा.

ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ वेगळ्या पानावर लिहा, हे सगळ्यात जास्त फसवतात कारण आपल्याला शंकासुद्धा येत नाही. क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, टेम्पर म्हणजे तीव्रता कमी करणं, चॅम्पियन म्हणजे एखाद्या मताची पाठराखण करणं, फ्लॅग म्हणजे उत्साह मंदावणं, आणि डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला नाही तर निःपक्षपाती.

रोज दहा-पंधरा नवीन शब्द खूप झाले, त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुने परत बघणं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून आज केलेला शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी बघा. अँकीसारखं फ्लॅशकार्डचं अ‍ॅप हे अंतर आपोआप ठरवतं. नाहीतर कागदाची कार्डं आणि तीन-चार डबे, आठवलं की कार्ड पुढच्या डब्यात, विसरलं की परत पहिल्यात. आणि कार्ड उलटायच्या आधी अर्थ मोठ्याने बोला, नुसतं उलटून "हो हो येतोय" म्हणण्याने काहीच होत नाही.

चौथी पायरी: उतारे

उतारा कुठल्याही विषयावर असू शकतो, जीवशास्त्र, कला, इतिहास, समाजशास्त्र काहीही, एका परिच्छेदापासून चार-पाच परिच्छेदांपर्यंत. विषय माहिती असायची गरज नसते, उलट माहिती असली तर जास्त सांभाळायला लागतं. कसं ते दाखवतो. समजा उतारा असा आहे:

"आल्फ्रेड वेगेनरने 1912 मध्ये खंड सरकतात ही कल्पना मांडली आणि बऱ्याच भूशास्त्रज्ञांनी ती नाकारली. पुरावा नव्हता म्हणून नाकारली असं सहसा सांगितलं जातं. पण किनाऱ्यांचे जुळणारे आकार, समुद्रापलीकडे सापडणारे सारखेच जीवाश्म, हे पुरावे त्याच्याकडे होते. नव्हतं ते एवढे मोठे खंड कुठल्या शक्तीने हलतात याचं पटण्यासारखं उत्तर."

प्रश्न: लेखकाचा मुख्य हेतू काय? ऑप्शनमध्ये असं काही असेल: एक, वेगेनरचं म्हणणं बरोबर होतं हे सिद्ध करणं. दोन, एका घटनेचं नेहमी दिलं जाणारं कारण दुरुस्त करणं. तीन, 1960च्या दशकात प्लेट टेक्टॉनिक्स कसं स्वीकारलं गेलं ते सांगणं. चार, शास्त्रज्ञ नव्या कल्पनांना कायम विरोध करतात हे दाखवणं.

तिसऱ्यातली गोष्ट खरी आहे, प्लेट टेक्टॉनिक्स त्याच दशकात मान्य झालं, पण उताऱ्यात ती आहे का? नाही. बाहेरचं खरं, उताऱ्यात खोटं. चौथ्यात "कायम" हा शब्दच सांगतो की हा ऑप्शन जास्त बोलतोय, उतारा एका घटनेबद्दल आहे. पहिला थोडा मोहात पाडतो, पण वेगेनर बरोबर होता असं लेखकाने कुठे म्हटलंय, त्याने फक्त नाकारण्याचं कारण तपासलंय. राहिला दुसरा, आणि बोट कुठे ठेवाल तर "असं सहसा सांगितलं जातं. पण" यावर.

वाचताना प्रत्येक परिच्छेदानंतर तीन-चार शब्दांत लिहा की या परिच्छेदाने केलं काय, जुनं मत सांगितलं, आक्षेप घेतला, उदाहरण दिलं, आपलं मत मांडलं. आकडे आणि नावं पाठ करू नका, लागले तर परत येऊन बघता येतात. काही प्रश्नांत तीन ऑप्शन देऊन बरोबर असतील ते सगळे निवडा असं असतं, तिथे प्रत्येक ऑप्शन हा वेगळा खरं-खोटंचा प्रश्न समजा, एक बरोबर सापडला म्हणून थांबू नका. आणि काही प्रश्नांत उताऱ्यातल्याच एखाद्या वाक्यावर क्लिक करायचं असतं, तिथे प्रश्नात ज्या कामाबद्दल विचारलंय ते पूर्ण काम एकाच वाक्याने करायला हवं.

वाचायची सवय नसेल तर रोज वीस मिनिटं जड इंग्रजी लेख वाचा, विज्ञानाचे, समीक्षेचे, इतिहासाचे, शक्यतो जो विषय तुम्हाला कंटाळवाणा वाटतो तोच. माझ्यासाठी तो कलेचा इतिहास होता, पहिले दोन आठवडे जड गेले, मग त्या लेखकांची मांडणी ओळखीची वाटायला लागली.

पाचवी पायरी: चुकांची वही आणि घड्याळ

वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहा: शब्द येत नव्हता, दिशा चुकली, पुराव्याशिवाय निवडलं, ऑप्शन पूर्ण वाचला नाही, वेळ नव्हता. "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. आठवड्याला एकदा मोजा कुठलं कारण जास्त वेळा आलं आणि पुढचा आठवडा त्यावर द्या. शक्यतो ईटीएसचे अधिकृत प्रश्नच वापरा, बाकीच्यांच्या प्रश्नांत कधीकधी पुरावा इतका ढिला असतो की चुकीची सवय लागते.

सुरुवातीला टायमर नको. पद्धत हातात बसली की मग वेळ लावा. सरासरी दीड मिनिट प्रश्नाला, पण एका जागेचा प्रश्न आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स एका मिनिटाच्या आत व्हायला हवेत, म्हणजे तो वाचलेला वेळ उताऱ्यांना मिळतो. अडलात तर मार्क करून पुढे जा, त्याच सेक्शनमध्ये परत येता येतं. पण पुढे जायच्या आधी काहीतरी उत्तर निवडून ठेवा, निगेटिव्ह मार्किंग नाही, मोकळा प्रश्न म्हणजे सोडून दिलेला गुण.

शेवटचे दोन आठवडे आणि परीक्षा

राखून ठेवलेली टेस्ट आता द्या, तुमची खरी परीक्षा ज्या वेळेला आहे त्याच वेळेला. निबंधासकट पूर्ण द्या, कारण निबंधाची 30 मिनिटं लिहून झाल्यावर डोकं कसं चालतं तेही कळायला हवं, आणि आता मध्ये ठरलेला ब्रेक नसतो. शेवटच्या तीन दिवसांत नवीन शब्द नकोत, फक्त कार्डं आणि वही. घरून परीक्षा देणार असाल तर साधा कागद चालत नाही, छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक कव्हरमधला एक कागद आणि पुसता येणारा मार्कर लागतो, सरावातही तेच वापरा.

पेपर संपल्यावर व्हर्बल आणि गणिताचे अनऑफिशियल स्कोअर लगेच स्क्रीनवर बघता येतात, ऑफिशियल साधारण 8 ते 10 दिवसांत येतो आणि 5 वर्षं चालतो. मनासारखा नाही आला तर 21 दिवसांनी परत देता येते, सलग 12 महिन्यांत जास्तीत जास्त 5 वेळा, आणि कॉलेजांना कुठल्या तारखेचा स्कोअर पाठवायचा ते तुम्ही निवडू शकता. परत द्यायची असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी वहीत लिहून ठेवा की कुठल्या प्रकाराला वेळ कमी पडला आणि कुठे बोट ठेवता आलं नाही, दोन दिवसांनी ते आठवत नाही.